परत म्हणा

शिवतेज विमानतळावर रडारसमोर बसतो. उतरायला आलेल्या विमानाला तो सांगतो, "चार हजार फुटांवर या." पायलटनं ते जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. पायलट चुकला, तर शिवतेजनं तिथल्या तिथं सुधारायचं. तो गप्प राहिला, तर पायलट म्हणाला तेच खरं धरलं जातं.

मेढ्याकडे गावी असलेल्या वडिलांशी तो फोनवरही असाच बोलतो. मानसिंगराव फौजेतले निवृत्त हवालदार. ऑर्डर परत म्हणायची सवय त्यांना त्याच्या आधीपासूनची.

"आबा, बीपीची गोळी सकाळी एक, सांजच्याला अर्धी. म्हणा."

"सकाळी अर्धी, सांजच्याला येक."

"चुकलं. सकाळी एक."

"सकाळी येक, सांजच्याला अर्धी."

"बरोबर. मोटर बंद पडली तर विहिरीत तुमी उतरायचं न्हाई."

"विहिरीत मी उतरायचं न्हाई."

"बरोबर. आन् औंदा यात्रंला मी नक्की येनार. म्हणा."

गेली तीन वर्षं हे वाक्य मानसिंगरावांनी बिनचूक परत म्हटलं होतं.

"औंदा यात्रंला शिवतेज येनार न्हाई," या वेळी ते म्हणाले.

चूक सुधारली जाईल म्हणून त्यांनी थोडा वेळ फोन कानाला धरून ठेवला. मग स्वतःच "बराबर" म्हणाले आणि फोन ठेवून सकाळची एक गोळी घेतली.