नवं डबिंग

फोन बादलीत पडला आणि त्यातला विकत घेतलेला हत्तीणीचा कार्टून सिनेमाही गेला. माझी आई वारल्यापासून मी आणि माझी चिमुरडी रोज संध्याकाळी तोच बघायचो.

सिनेमा विकणाऱ्या कंपनीला फोन करून करून शेवटी एक बाई बोलायला मिळाली.

"मॅडम, पुन्हा एकदाच डाउनलोड करता येईल, आणि नवाच मिळेल. उलट फायदाच आहे तुमचा! चित्र चकाचक, डबिंगसुद्धा नव्याने केलंय."

"जुनाच द्या हो, कसाही असू दे."

"तो आता काढून टाकलाय, मॅडम."

नव्या फोनवर नवा सिनेमा लावला. हत्तीणीने पिल्लाला हाक मारली, तशी लेकीने फोन उचलून कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिली.



"आई, ही आजीच्या आवाजात का नाही बोलत?"