लाल पाटी

पोरीचा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि 'थांबा आजोबा' दवाखान्यातल्या तिच्या खोलीच्या दारातच अडखळले होते. हातात सायकलची नवी घंटी. आत जावं, की घंटी नर्सकडे ठेवून गुपचूप घर गाठावं, हे काही ठरत नव्हतं. नऊ वर्षं भरधाव ट्रक अडवणाऱ्या माणसाला आज एक उंबरठा ओलांडवेना.

मूळचे ते बसचालक. निवृत्तीनंतर घरात माश्या मारत बसण्यापेक्षा बरं म्हणून शाळेसमोरच्या नाक्यावर उभे राहिले आणि तिथलेच होऊन गेले. लाकडाची गोल पाटी स्वतः कापली, तिला लाल रंग दिला. पाटी वर करून त्यांनी "थांबा!" अशी आरोळी ठोकली की भल्याभल्यांचे पाय ब्रेकवर जायचे. पोरांनी मग नावच पाडलं, थांबा आजोबा. "घरात मांजर ऐकत नाही ह्यांचं, आणि रस्त्यावर रुबाब बघा," असं त्यांची बायको शेजारणींना सांगायची. सांगताना तिचीही मान ताठ व्हायची.

शाळेकडे येणारी गल्ली उताराची होती. सायकलवाली पोरं वाऱ्यासारखी खाली यायची आणि मोठा रस्ता ओलांडून फाटकात शिरायची. त्यांना आजोबांनी एकच नियम घालून दिला होता.

"लाल पाटी दिसली की ब्रेक. नाही दिसली की बिनधास्त या. इकडेतिकडे माना वळवून तोल घालवायचा नाही. गाड्या बघायला मी आहे ना?"

नऊ वर्षांत कुणाला साधं खरचटलं नाही. याचा आजोबांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

गेल्या वर्षी शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्या. त्या एकदा नाक्यावर येऊन म्हणाल्या, "आजोबा, आठवड्यातून एक तास मी पोरांना इथे आणते. सायकलवरून उतरायचं, दोन्हीकडे बघायचं, मग सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा. आपण दोघं मिळून शिकवू. तुम्ही नसाल तेव्हा उपयोगी पडेल."

"मी नसेन तेव्हा?" आजोबांना मिरच्या झोंबल्या. "बाई, तीस वर्षं बस चालवलीय मी. तुम्ही मैदान सांभाळा, रस्ता माझ्याकडे राहू द्या."

बाई पुन्हा काही बोलल्या नाहीत. आजोबांच्या मनात मात्र ते सलत राहिलं. तोवर पाटी शाळेच्या पहारेकऱ्याकडे असायची, त्या दिवसापासून ते ती घरी न्यायला लागले. न जाणो, कुणी हात लावला तर?

मग डोळ्याचं निघालं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. "एक दिवस खांबालाच थांबा म्हणाल," असं म्हणत बायकोने मंगळवारी सकाळची वेळ घेऊनही टाकली. शाळेत कळवायला हवं होतं. आजोबांनी फोन उचलला आणि परत ठेवला. कळवलं की बाई पाटी घेऊन उभ्या राहणार. आपल्यावाचून काही अडत नाही, हे साऱ्या गावाला दिसणार. एका सकाळचा तर प्रश्न, एवढ्यात काय आभाळ कोसळतंय?

पाटी पलंगाखाली राहिली. डॉक्टर त्यांच्या डोळ्यात थेंब टाकत होते, त्याच सुमारास ही सहावीतली पोर उतारावरून खाली आली. टेम्पोवाल्याने जीव खाऊन ब्रेक दाबला म्हणून पायावर निभावलं. त्यानेच तिला उचलून इथे आणलं.

"अहो आजोबा, बाहेर का उभे? या ना," पोरीचा बाप उठला आणि त्याने स्वतःचं स्टूल पुढे केलं.

आजोबा बसले नाहीत. दोन रात्री घोकून ठेवलेलं त्यांनी एका दमात ओकून टाकलं. "माझी चूक झाली. मी कुणाला कळवलं नाही. बाई उभ्या राहतील म्हणून मुद्दाम नाही कळवलं. एक फोन केला असता तर..."

बापाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर आजोबांना सोपं गेलं असतं.

"असं मनाला लावून घेऊ नका. नऊ वर्षांत एक दिवस. माणूसच आहात तुम्ही," तो म्हणाला. "आणि चूक हिचीच आहे. टेम्पोवाला रडत सांगत होता, पोरीने ना ब्रेक लावला, ना मान वळवली. सरळ आली." तो पोरीकडे वळला. "आता आजोबांनाच सांग, लक्ष कुठे होतं तुझं? रस्त्यावर बघता येत नाही?"

आजोबांनी घाईघाईने घंटी तिच्या उशाशी ठेवली. "राहू द्या, तिला रागावू नका."

पोरीचे डोळे भरून आले. पाय मोडला तेव्हा ती रडली नव्हती, असं नर्स सांगत होती. पण हा आळ तिला सहन झाला नाही. तिने बापाकडे पाहिलंच नाही. आजोबांचा हात धरला. तेच आपली बाजू घेतील, अशी तिला खात्री होती.

"मी बघितलं होतं, आजोबा," ती म्हणाली. "अगदी नीट बघितलं होतं. लाल पाटी नव्हती."