पोत्यावरची जागा

दवाखान्यातून परतून आणे गावातल्या आपल्या घराची ओसरी चढताच संपतने जाहीर केलं, पुन्हा रक्त काढायला तो जाणार नाही. कोपराच्या आत कापसाचा बोळा अजून चिकटलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीभर रक्त काढलं होतं, आणि आता दर आठवड्याला या म्हणाल्या होत्या. रक्तात लोह फार झालंय, ते काळजात साठतंय, काढलं नाही तर काळीज दमून बंद पडेल. संपतला ते पटत नव्हतं. गडी माणसाने रक्त घालवत बसायचं म्हणजे काय, आणि चारचौघांत सांगायचं तरी काय?

त्याची थोरली बहीण द्रौपदा येडगावहून आली होती. ती सगळं ऐकून घेत होती. संपतची बायको सरूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तेव्हा द्रौपदाने तिला अडवलं.

"त्याला शिवू नको. रक्त गेलंय त्याचं."

तिने कोपऱ्यात पोतं अंथरलं आणि भावाला त्यावर बसवलं. सरूबाईने हसू दाबत त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं.

"आक्का, ही काय थट्टा?"

"थट्टा कसली? म्हैन्याचे चार दिस मी हितंच बसायची. लोणच्याच्या बरणीकडं नुसतं बघितलं तरी तू आईला हाका मारायचास."

संपत ओशाळला. आज दवाखान्यात बाईंनी दोघांनाही समजावलं होतं. दुखणं एकच, आईबापाकडून दोघांच्या रक्तात आलेलं. पण द्रौपदाचं जास्तीचं लोह महिन्याच्या महिन्याला गेलं, चार बाळंतपणांत गेलं. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांध चढते, आणि बावन्नाव्या वर्षी संपतला धार काढतानाच धाप लागते.

"पण वन्सं," सरूबाईने हळूच विचारलं, "आता तुमचं थांबून पाच-सहा वर्सं झाली. मग?"

द्रौपदाने कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला.

"मग काय. माझंबी साठाय लागलंय. गुरवारी बोलावलंय." तिचा आवाज खाली आला. "संपत, मला सुईची लई भीती वाटती रं."

संपतने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मी हाय की. दोघं बी बरोबरच देऊ."

तो सरकला. अर्धं पोतं मोकळं झालं. द्रौपदा गुडघ्यावर हात टेकून त्याच्या शेजारी बसली.

सरूबाई आत गेली. लोणच्याची बरणी घेऊन आली आणि दोघांच्या मधे ठेवली.