दोन पंचांगांचा कॉम्प्युटर

"मामा, एक मेंदू बोलतो तेव्हा दुसरा काय करतो?"

वेदवतीनं विचारलं आणि खिडकीबाहेर तिच्या मैत्रिणी शिवकामी नि मंगला फिस्सकन हसल्या. "अख्ख्या घरासमोर विचारशील तर खरी," अशी पैज त्या दोघींनीच लावली होती.

"झोपतो," विजयराघवमामा म्हणाला. "पडदा एक, कीबोर्ड एक. एका वेळी एकानंच बोलायचं. तुझ्या आई-अप्पांसारखं नाही."

आई-अप्पांचं भांडण पंचांगाचं होतं. अप्पांचं 'वाक्य' पंचांग, जुन्या सूत्रांवर चालणारं. आईनं माहेराहून आणलेलं 'दृक्', नव्या वेधांवर बेतलेलं. दोघांच्या वेळांत काही घटकांचा फरक. तेवढ्यासाठी घरात एकादशी दोनदा, गोकुळाष्टमी दोनदा. वेदवतीचा वाढदिवससुद्धा दोनदा, कारण ती जन्मली नेमकी दोन नक्षत्रांच्या सांध्यावर. अप्पांच्या लेखी कृत्तिका, आईच्या लेखी रोहिणी. कृत्तिकेला जुळलेला मुलगा रोहिणीला कधी जुळला नाही. स्थळं येत, परत जात. वेदवती त्या सांध्यावर मजेत बसून बारावीचा अभ्यास करत होती.

तो सांधा बुजवायला मामा मद्रासहून कॉम्प्युटर घेऊन आला होता. मशीनच्या मूळ प्रोसेसरवर अप्पांचं पंचांग. सिंगापूरहून मागवलेल्या कार्डावर दुसरा प्रोसेसर, म्हणजे दुसरा मेंदू, त्यावर आईचं. दोघांच्या सिस्टिम वेगळ्या, फ्लॉप्या वेगळ्या, पेटी मात्र एक. "दोघांनी एकच मुलगा पसंत केला की बार उडवून टाकायचा," मामानं जाहीर केलं होतं.

सकाळी कार्डाची पूजा झाली. अप्पांनी हळदकुंकू लावलं, आईनं कापूर ओवाळला. राहुकाळ अगदी तोंडावर आलेला. "आटपा, आटपा!" सगळे एकदम ओरडले आणि मामानं घाईघाईनं पेटीचं झाकण लावलं. मग कॉफी आली. टेबलावर जागा नव्हती, म्हणून मामानं आपला दबरा, कॉफीची पसरट वाटी, पूजेच्या ताटातच टेकवला.

या वेळचा मुलगा साक्कोट्टै गावचा होता. पहिली फ्लॉपी घातली. पडद्यावर पत्रिकांच्या गुणांचा हिशोब उमटला: दहापैकी नऊ पोरुत्तं जुळतात. अप्पांनी मांडीवर थाप मारली. मामानं दुसरी फ्लॉपी सारली, कार्डाला हाक मारणारी आज्ञा टाइप केली. मशीन गुरगुरलं, गप्प झालं. पडद्यावर नऊच.

"अय्यो, माझेही नऊ!" आई ओरडली. मग लाजत म्हणाली, "तुमचं पंचांग काही अगदीच वाईट नाही हो."

"तुझं तरी कुठे वाईट आहे!" अप्पा म्हणाले. एवढ्या वर्षांत ही दोघं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकत्र आली होती आणि ती गोष्ट म्हणजे वेदवतीचं लग्न.

तिनं एक बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं, मग सगळी मूठ कीबोर्डावर आपटली. नऊ जागचा हलेना. तो मघाचाच नऊ होता. मशीन केव्हाच थिजलं होतं.

तिनं पेटीकडे पाहिलं. मग पूजेच्या ताटाकडे.

"मामा, दुसरा मेंदू काय करतो ते कळलं."

"काय करतो?"

तिनं दबरा उचलला. खाली हिरवं कार्ड होतं. वर कुंकू आणि कुंकवाभोवती गोल डाग.

"कॉफी पितो!"

खिडकीबाहेरचा हशा मावेना. मामा झाकण उघडून आतली कार्डाची रिकामी खाच बघत राहिला. आई-अप्पा एकमेकांपासून हळूच जरा दूर सरकले. वेदवतीनं कार्ड पदराला, म्हणजे आपल्या दावणीच्या, अर्ध्या साडीच्या, टोकाला पुसलं आणि दोघांच्या बरोबर मध्ये जाऊन उभी राहिली.

"अप्पा, आई, लग्न राहू द्या. हे बसवता येणारं कुणीतरी घरात पाहिजे. मी तिरुच्चीला कॉम्प्युटर शिकायला जाणार. आणि निघायचा दिवस कुठल्याच पंचांगात बघू नका. तो मी ठरवलाय."