खराब निघालेले फोटो

“हाच घ्या. यात तोंड मिटलेलं आहे,” सलील म्हणाला.

स्क्रीनवर राजकुमार हसत होता. फेटा सरळ, डोळे उघडे. एप्रिलमध्ये फुलसावंगीजवळच्या तांड्यावर त्याच्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हाचा फोटो. सप्टेंबरात तो कपाशीच्या पराटीवर कीटकनाशकाचा फवारा मारून घरी आला, भोवळ येऊन पडला आणि यवतमाळच्या दवाखान्यातून परतला नाही.

त्याची आई रामीबाई स्टुडिओच्या टेबलाशी उभी होती. बायको संगीता खुर्चीवर, सलीलच्या तोंडाकडे बघत.

“त्याचे असतील तेवढे सगळे दे, भाऊ. घरी एकबी फोटो नाही. आधारवरचा तेवढा हाय, त्यात तो चोरावानी दिसते,” रामीबाई म्हणाली.

“मावशी, आधारवर सगळेच चोर,” सलील म्हणून गेला आणि वरमला. स्क्रीनकडे वळून त्यानं विचारलं, “ताई, हा मोठा करू का?”

संगीता काही बोलली नाही. त्यानंही ताणलं नाही.

“तिले सगळे पाह्यजे,” रामीबाई म्हणाली.

“सगळे कामाचे नसतात, मावशी. हा कॅमेरा बटण दाबून धरलं की सेकंदाला दहा काढतो. कोणाचे डोळे मिटतात, कोणाचं तोंड वाकडं होतं. दहा काढायचे ते एका चांगल्यासाठी. बाकीचे फेकायचे.”

“फेकले?”

“शेवटचे काही. अगदीच खराब होते. तुम्ही येणार म्हणून साफसफाई करून ठेवली.”

त्यानं उरलेले उघडले.

ओठ मिटलेले. समोर संगीता, हातात अक्षतांचं ताट.

ओठ उघडे.

दात. जिभेचं टोक.

ओठांचा चंबू. संगीता नवरीचा पदर सावरायला वळलेली.

तोंड वाकडं. संगीता पाठमोरी.

पुन्हा उघडे.

आणखी तसेच.

“डीजे छाती फुटेस्तोवर वाजत होता,” सलील म्हणाला, “अन् हा बोलूनच राह्यला होता. कोणाले ऐकू गेलं असेल?”

रामीबाईनं संगीताकडे पाहिलं.

संगीता उठली. हसरा फोटो दाखवणारं सलीलचं बोट तिनं बाजूला सारलं आणि बाकीच्यांवर आपलं बोट फिरवलं.

“हे? असे कोणी भिंतीवर लावते का?” सलीलनं विचारलं.

“भिंतीवर नाही लावत,” रामीबाई म्हणाली. “काढून दे.”

प्रिंटर सुरू झाला. शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं. रामीबाई दचकली. संगीताची नजर बाहेर येणाऱ्या कागदावरून हलली नाही.

सगळे हातात आल्यावर तिनं ते क्रमानं लावले, टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या आणि वहीच्या पानांसारखे अंगठ्याखालून भराभर सोडले. मग पुन्हा. मग जरा सावकाश. तिचे ओठ हलू लागले. एकदम ती हसली, आणि सलीलला बरं वाटलं.

शेवटच्या फोटोपाशी ती थांबली. तो उलटून पाहिला. टेबलाखाली पाहिलं, प्रिंटरच्या तोंडात हात घातला. मग रामीबाईकडे वळून तिनं त्या फोटोतल्या ओठांवर बोट ठेवलं आणि रिकामा तळवा पुढं केला.

“काय झालं?” सलीलनं विचारलं.

रामीबाईनं पदर तोंडाला लावला.

“हिले जन्मापासून ऐकू येत नाही, भाऊ. इचारून राह्यली, याच्यापुढं तो काय बोलला?”