मागून चार बोटं उंच

"मागून चार बोटं उंच आहे," म्हातारे साटार-आके म्हणाले. "नाक जमिनीला आणि शेपूट आभाळाला. गाडी आहे का बकरी?"

कुबातनं हात पुसले. आकेंची झिगुली गाडी पस्तीस वर्षांची. कालच त्यानं तिला मागं नव्या स्प्रिंगा घातल्या होत्या. "नव्या आहेत, आके. बसतील हळूहळू."

"चारला कोचकोरला जायचंय ना तुला हिच्यातनं? तोवर बसतील?"

तेच तर होतं. कुबातच्या स्वतःच्या गाडीचा गिअरबॉक्स खोलून पडला होता. स्प्रिंगा बसव आणि भावाला आणायला माझीच गाडी ने, असं साटार-आकेच बोलले होते. मेदेर सहा वर्षांनी रशियातून येत होता. पहाटे बिश्केकला उतरून टॅक्सीनं कोचकोरपर्यंत, तिथून पुढं आणायला थोरला भाऊ.

तीन वर्षांपूर्वी आईच्या मातीला मेदेर येऊ शकला नव्हता. तेव्हा कुबात फोनवर म्हणाला होता, "आता तोंड दाखवू नकोस." त्यानं खरंच दाखवलं नाही. मागच्या महिन्यात अचानक फोन आला, "दादा, येतोय मी. घ्यायला येशील ना?" तेव्हापासून कुबातला धड झोप नव्हती. कोचकोरच्या भर बाजारात त्याला मिठी मारून एकदा 'चुकलं माझं' म्हणायचं होतं, बस्स.

तो गाडीखाली शिरला. चूक त्याचीच निघाली. चाकं लोंबकळत असतानाच त्यानं काल बोल्ट आवळले होते. गाडी चाकांवर उभी करून आवळायचे असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण काल त्याचं चित्त होतं कुठं थाऱ्यावर? त्यानं बोल्ट सैल केले, गाडी खाली उतरवली, मागून चार-सहा वेळा दाबली आणि मग आवळले.

मध्येच साटार-आकेंचा फोन वाजला. ते कुंपणापलीकडं जाऊन बराच वेळ उभे राहिले. परत आले तोवर गाडी सरळ झाली होती.

"झालं, आके. द्या चावी."

म्हाताऱ्यानं गाडीकडं पाहिलंच नाही. "उजवीकडं उंच वाटतेय."

कुबातनं टेप लावला. "बघा की! दोन्हीकडं सारखं."

"टेपला काय कळतंय? मी तीस वर्षं बसतोय हिच्यात. पुन्हा खोल. आणि तुझा फोन दे जरा, माझा बंद पडलाय."

फोन दिला, तो त्यांच्या खिशातच राहिला. वडीलधाऱ्यासमोर तोंड कसं उघडायचं? कुबातनं निमूटपणे पुन्हा जॅक लावला. साटार-आके बोलत होते. घोड्यांबद्दल, गवताबद्दल, यंदाच्या पाण्याबद्दल. बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार! गावातल्या कुलिपाचा नवरा नदीत बुडाला, तेव्हा याच म्हाताऱ्यानं तिला सबंध सकाळ बटाट्यांवर बोलत ओसरीत बसवून ठेवलं होतं. वाईट बातमी एका तोंडानं सांगायची नाही, पाच पांढऱ्या दाढ्या जमल्याशिवाय कुणी ओठ हलवायचे नाहीत, ही गावाची रीत.

"दोन वाजले, आके. भाऊ उन्हात ताटकळेल माझा."

"नाही ताटकळणार," म्हातारा म्हणाला. "चहा घे, बाळा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

बाळा! सकाळी बकरी-बकरी करत होते. कुबातला हसूच आलं. कुबातच्या घराकडून पिठाचे बोरसोक तळल्याचा वास येत होता. शेजारच्या दोन बायका पिठाची परात घेऊन आत गेल्या, मागोमाग साटार-आकेंची बायको. एका मेदेरसाठी अख्ख्या गावाला पुरेल एवढं तळतायत की काय या!

"आता तरी द्या चावी."

"रिकाम्या गाडीचं काय खरं? वजन घालून बघू. माणसं बोलावलीयत मी."

"बटाट्याची पोती टाकतो की चार!"

"पोती नकोत."

मुल्ला आले. मागून काठी टेकत बेक्तूर-आके, मग गिरणीवाले, मग शाळेचे जुने मास्तर. सगळ्यांच्या डोक्यावर स्वच्छ टोप्या. कुणी थट्टा केली नाही, कुणी कुबातच्या डोळ्यांत पाहिलं नाही. गुपचूप तिघं मागं बसले, मास्तर पुढं. स्प्रिंगा करकरल्या, खाली बसल्या. शेवटी साटार-आके स्वतः चालवायच्या जागेवर बसले.

कुबात मागच्या चाकाजवळ गुडघे टेकून बसला. डावीकडं मोजलं, उजवीकडं मोजलं. जिवात जीव आला. अजून वेळ होता, मेदेर गाठता येणार होता.

"बघा, एका केसाचा फरक नाही! आता उतरा सगळे, मला निघू द्या."

कुणीच उतरलं नाही. खिडकीतून साटार-आकेंचा हात बाहेर आला आणि त्याच्या खांद्यावर बसला.

"गाडी मघाशीच ठीक झाली होती, बाळा," ते म्हणाले. "मेदेरला आणायला आपण सगळेच जाऊ. पाच झालो आम्ही."