ड्रोन डोक्यावर यायच्या आत

गावठाणाची मोजणी ड्रोननं होणार म्हणून तामलवाडीत ज्यानं त्यानं आपल्या घरजागेभोवती चुन्याची रेघ मारली. विधवा कमलबाईनंही मारली. सकाळी बघते तर धाकटा दीर बजरंग तिच्या निम्म्या अंगणातून दुसरी रेघ ओढतोय!

"भाऊजी, ही जागा तुमच्या भावाची हाय."

"दोन रेघा दिसल्या की जागा वादात. मग मालकीची सनद कशी निघती तुमच्या नावानं, तेच बघतो, वैनी."

तेवढ्यात आभाळात घरघर सुरू झाली. कमलबाईनं डोळे मिटून हात जोडले. इतक्यात बजरंगची बायको शिवकन्या शेणाची बादली घेऊन आली आणि नवऱ्याच्या रेघेवर सडा घालत सुटली.

"अगं, येडी का खुळी तू?"


"आवं, आज मंगळवार. ड्रोनच्या बी वर भवानीआई हाय, तिला अंगण असं दाखवू व्हय?"